एका विटेत किती वर्षं?

मुलांनो, आज मी तुम्हांला एक गणित घालणार आहे. घाबरू नका, गुणाकार-भागाकार येत असले की झालं. पण त्याचं उत्तर निघाल्यावर आमच्या वर्गात बराच वेळ कुणी बोललं नव्हतं. आणि हो, गणिताआधी थोडे हात मातीत घालावे लागतील. त्याची तयारी ठेवा.

झालं असं, की परिसर अभ्यासात मातीचा पाठ होता. मी मुलांना सांगितलं, "उद्या येताना प्रत्येकानं आपल्या शेतातली नाहीतर परसातली मूठभर माती पुडीत बांधून आणा." दुसऱ्या दिवशी टेबलावर सत्तावीस पुड्या जमल्या. काळीभोर, तांबूस, करडी, ओढ्याकाठचा मऊ पोयटा. एकीत तर शेणाचा वास येत होता. ती अंगण सारवायची निघाली!

एका मुलाची पुडी उघडली आणि वर्गात हशा पिकला. आत नुसते तांबूस-करडे खडे.

"बाई, यानं मुरूम आणलाय! माती कुठंय?"

तो मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आमच्या शेतात हेच आहे. वरची काळी भट्टीवाल्याला दिली."

हशा थांबला. मग विचारता विचारता कळलं, की अशी शेतं वर्गात आणखी तिघांची होती. वीटभट्टीसाठी वरची फूटभर माती जेसीबीनं काढून दिलेली. (त्या मुलाचं नाव मी सांगत नाही. छापून आलेलं त्याला आवडेल, पण घरच्यांना आवडेल असं नाही.)

मुरूम म्हणजे काय आणि माती म्हणजे काय, हे फळ्यावर लिहिण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून मी वर्ग बाहेर काढला. आमच्या शाळेमागं रस्त्यासाठी टेकडी कापली आहे. तिथं दोन पुरुष उंचीची उभी भिंतच तयार झाली आहे. ती भिंत म्हणजे पुस्तकाचं पान समजा, मात्र वाचायचं ते खालून वर.

सगळ्यांत खाली काळा, टणक खडक. हातोडी मारली तर ठिणगी उडेल असा. त्यावर गोल गोल धोंडे, आणि गंमत म्हणजे त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मुलांनी हातानंच सोलले. त्यावर मुरूम, जो मुठीत दाबला की भुगा होतो. आणि सगळ्यांत वर, गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली, वीतभर काळी माती. फक्त वीतभर!

म्हणजे काय, तर मातीचा बाप मुरूम आणि मुरुमाचा बाप खडक. दिवसा ऊन, रात्री गारवा, यानं खडक तडकतो. फटीत पाणी शिरतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते किंचित आंबट असतं आणि खडकातली खनिजं हळूहळू कुजवतं. मग शेवाळ, गवत, झुडपं येतात, मुळ्या फटी रुंदावतात. पानं कुजतात, गांडुळं येतात, आणि डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू तर चमचाभर मातीत कोट्यवधी असतात. एवढ्या सगळ्यांनी मिळून काम केलं की माती होते. मुरुमात हे बिऱ्हाड नसतं म्हणा ना. म्हणून मुरुमात बी टाकलं तर ते उगवेलही, पण पोसणार कुणाच्या जिवावर?

आता तो खालचा काळा खडक कुठून आला? ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. पृथ्वीवर डायनोसॉरांचे शेवटचे दिवस चालू होते. तेव्हा आपल्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला पातळ लाव्हा बाहेर आला. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा तो पसरला आणि थिजला. मग पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. असे थरावर थर साचून हा दख्खनचा दगड तयार झाला. त्याला बेसाल्ट म्हणतात. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आजीचा पाटा-वरवंटा याच दगडाचा. वेरूळचं कैलास लेणंही याच दगडात, वरून खाली कोरत आणलेलं. (चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आणि सिंधुदुर्गातल्या मुलांनो, रुसू नका. तुमच्या बऱ्याच भागात याहून कितीतरी जुने खडक आहेत. तुमची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.)

घाटातून एसटीनं जाताना खिडकीतून नीट पाहा. काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो. तो काय असतो माहीत आहे? लाव्हाचा एक थर थिजल्यावर पुढचा लगेच येत नसे. मध्ये एवढा काळ जाई, की वरच्या खडकाची झीज होऊन माती बनू लागे. मग पुढचा लाव्हा आला, की ती खालची माती भाजून निघे. म्हणजे माणसानं वीट भाजायच्या किती आधी निसर्गानं भट्टी लावली होती, बघा!

भिंत पाहताना एका मुलीला दगडात पोकळी सापडली. आत पांढरे चकचकीत स्फटिक. सगळ्यांना वाटलं, हिरा! हिरा नव्हे, पण ते काही कमी नाहीत. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढं त्यांतून पाणी झिरपलं आणि पाण्यातली खनिजं आत स्फटिकरूपानं बसली. आपल्याकडे यांना गारगोट्या म्हणतात. त्यांतल्या एका मोठ्या गटाला शास्त्रीय भाषेत झिओलाइट हे नाव आहे. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याच्या घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हा असे सुंदर स्फटिक निघाले होते. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट आणि पाषाणचा हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेला आहे. नाशिकजवळ सिन्नरला तर गारगोट्यांचं स्वतंत्र संग्रहालयच आहे. सहल तिकडं नेता आली तर गुरुजींच्या मागं लागा. खाणीत मात्र आपले आपण जाऊ नका, आणि पावसाळ्यात खाणीत साचलेल्या पाण्यात तर मुळीच उतरू नका. ते पाणी काठापासूनच खोल असतं.

एक कोडं विचारते. देशावरची माती काळी आणि कोकणातली तांबडी, असं का? दोन्हीकडे खाली खडक तर बहुतेक एकच! उत्तर आहे पाऊस. कोकणात पाऊस धो धो पडतो. तो खडकातला चुना, सिलिका धुऊन नेतो, मागं राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजलं की लाल होतं, तसाच तिथला जांभा लाल. ॲल्युमिनियम फार साचलं तर त्याला बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवर ते सापडतं, आणि त्यापासून ॲल्युमिनियम काढलं जातं. देशावर पाऊस कमी, त्यामुळे चुना वाहून जात नाही. शेतात पांढरे खडे सापडतात ना, ती चुनखडी. त्यावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. फसफसताना ऐकू येईल. काळ्या मातीतले कण इतके बारीक आणि असे असतात, की ते पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

हे मी वर्गात सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी पहिल्यांदाच बोलली. तिचे आईवडील भट्टीवर विटा थापतात. अशी मुलं दिवाळीनंतर आमच्या शाळेत येतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. हजेरीपटावर त्यांची नावं नेहमी शेवटी, आणि खरं सांगायचं तर आमचं लक्षही त्यांच्याकडे शेवटीच जातं. ती म्हणाली, "म्हणून नुसत्या काळीची वीट होत नाही बाई. वाळताना तडकते. तिच्यात राख आणि भुसा घालायला लागतो." मग तिनं पुढं येऊन प्रत्येक पुडीतली माती थुंकी लावून बोटांत वळून पाहिली. जिची लांब वळी झाली ती चिकण, जिची तुटली ती रेताड. सत्तावीस पुड्या तिनं पाच मिनिटांत लावून दिल्या. मी डी.एड.ला शिकले ते तिला हातांना ठाऊक होतं.

मुरुमाची पुडी तिनं बाजूला ठेवली. "हिचं काहीच होत नाही," म्हणाली.

तोच फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर हा प्रयोग करा. काचेच्या बरणीत तीन बोटं माती घ्या, वर पाणी ओता, झाकण लावून खूप हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. पुन्हा हात लावायचा नाही. वाळू आणि खडे लगेच तळाशी बसतात. त्यावर गाळ बसतो. सगळ्यांत बारीक चिकण कण मात्र पाण्यातच तरंगत राहतात, पाणी गढूळ ठेवतात. कधी दोन-दोन, तीन-तीन दिवस. पानामुळ्यांचा कुजका चुरा वर तरंगतो. हेच बारीक कण आणि हाच चुरा पिकाचं अन्न आणि ओल धरून ठेवतात. आमच्या वर्गात काळ्या मातीची बरणी तिसऱ्या दिवशीही चहासारखी होती. मुरुमाच्या बरणीतलं पाणी मधली सुटी व्हायच्या आत निवळलं. तो मुलगा त्या नितळ पाण्याकडे बघत होता. नितळ पाणी पाहून कुणाचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता गणित. वही घ्या.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. म्हणजे १,०८९ चौरस फूट. फूटभर खोल माती काढली, तर १,०८९ घनफूट. ट्रॅक्टरवाल्यांच्या भाषेत १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळजवळ ११ ब्रास. आपली नेहमीची वीट ९ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ इंच जाड, म्हणजे १०८ घनइंच. एका घनफुटात १२ × १२ × १२ = १,७२८ घनइंच. भागा. बरोबर १६ विटा! मग एका गुंठ्यात १,०८९ × १६ = १७,४२४ विटा. राख, भुसा मिसळतात आणि वीट वाळताना आक्रसते, त्यामुळे आकडा थोडा इकडंतिकडं होईल.

त्या मुलाच्या वडलांनी दहा गुंठ्यांतली माती दिली होती. म्हणजे पावणेदोन लाख विटांच्या आसपास. मुलांचे डोळे मोठे झाले. "बाई, केवढी घरं होतील!"

होतील ना. पण गणित अजून संपलं नाही. एक सेंटीमीटर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. आपण कमीच धरू, ३०० वर्षं. एक फूट म्हणजे ३० सेंटीमीटर. ३० गुणिले ३००?

नऊ हजार वर्षं. जेसीबीला तीन दिवस लागले होते.

याच वेळी तो वर्ग गप्प झाला, मी सुरुवातीला म्हटलं तो. मग एकानं हात वर केला. "बाई, आमच्यात नाही दिली माती. आमची तर हाय तशीच हाय ना?"

त्याला मी दुसरं गणित घातलं. धृवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली अंदाज काढला होता, की भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून जास्त माती पावसापाण्यानं जागची हलते. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. ही १६ टन माती हेक्टरभर पसरली तर थर होतो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. दिसतही नाही. पण आठ वर्षांत एक सेंटीमीटर! शेकडो वर्षांची मिळकत आठ वर्षांत. उतारावर आडवी नांगरट नसेल, बांध फुटलेला असेल, गवत चरून उघडं पडलेलं असेल, तर याहून जास्त. त्याच अंदाजात हेही होतं, की हललेल्या मातीपैकी सुमारे ६१ टक्के इथली तिथं जाऊन पडते, १० टक्के धरणांत साचते आणि २९ टक्के समुद्राला मिळते. समुद्रात गेलेली काही परत येत नाही.

आपले जुने लोक शेतजमिनीला 'काळी' म्हणत आणि गाव वसलेल्या जागेला 'पांढरी'. काळी वेगळी, पांढरी वेगळी. घर बांधायचं ते पांढरीवर. सरकारी कागदात मात्र मुरूम, वाळू, विटांची माती या सगळ्यांना मिळून 'गौण खनिज' असा शब्द आहे. गौण म्हणजे दुय्यम. कायद्याच्या भाषेत त्याला कारणं असतील, पण मला तो शब्द वाचताना दरवेळी अडखळायला होतं.

दोन दिवसांनी त्या मुलाचे वडील शाळेत आले. मला वाटलं, आता भांडण होणार. ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पोरगं जेवताना विचारतंय, नऊ हजार वर्सं कुणाला विकली म्हणून. मी काय सांगू त्याला? बोअरला पाणी लागलं नाही, डोक्यावर कर्ज झालं, भट्टीवाला रोख पैसे देत होता. खाली जमीन आहेच की, असं वाटलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या खोलीत उभं राहून मी मुलांना हिशेब शिकवला, ती खोलीही विटांचीच. मागच्या बाकावरच्या त्या मुलीचं पोट त्याच भट्टीवर. पालकहो, मुलांना 'माती वाचवा' असं वहीत दहा वेळा लिहायला लावणं सोपं असतं. घरचा प्रश्न त्यांना समजावून सांगणं अवघड. तरी सांगावं असं मला वाटतं, कारण पोरांना अर्धं तर ठाऊक असतंच. मार्गही असतात, फक्त ते कुणीतरी चालावे लागतात. औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळून राखेचे डोंगर साचतात. त्या राखेच्या करड्या विटा होतात. १९९९ साली केंद्र सरकारनं नियमच केला, की अशा केंद्रांच्या परिसरातल्या भट्ट्यांनी मातीत निदान पाव हिस्सा राख मिसळावी. तुमच्या गावात नवं बांधकाम चालू असेल, तर वीट लाल आहे की करडी, पाहून या.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे, १९७२च्या दुष्काळात लोकांनी रोजगारासाठी खणलेला. इतक्या वर्षांत तो गाळानं अर्धा भरला. तो गाळ म्हणजे कोण? आपल्याच शेतांवरून वाहून गेलेली माती! २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' नावाची योजना सुरू केली. तळ्यातला गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा. गेल्या उन्हाळ्यात आमच्याही तलावाचा गाळ निघाला. त्या मुलाच्या वडलांनी चाळीस ट्रॉल्या आणल्या. हिशेब करा, एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर दहा गुंठ्यांवर किती जाडीचा थर होईल? सव्वाचार इंचांच्या वर, साडेचारच्या आत. गेली होती बारा इंच. पहिल्या पावसात थोडा गाळ खालच्या बांधाला जाऊन बसला, कारण एका कडेचा बांध नीट घातलेला नव्हता. बापलेकांनी मग तो घातला. हरभरा पेरला होता. वाढला गुडघ्याच्या खालीच, पण घाटे धरले.

यंदा मातीचा पाठ पुढच्या वर्गाला होता. तो मुलगा आता वरच्या इयत्तेत गेला आहे, तरी मधल्या सुटीत पुडी घेऊन आला. "बाई, माझीपण बरणी लावा."

आम्ही लावली. खडे होतेच, तळाशी बरेच बसले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच तो खिडकीशी उभा होता. पाणी अजून गढूळ होतं. त्यानं बरणी न हलवता नुसतं बोट काचेला लावून मला दाखवलं.